व्हर्जिलचा एक मोसम

व्हर्जिल हॉफार्थ मागच्या मंगळवारी गेला. पेपरात सहा ओळी आल्या. त्यातली एक माझ्या नवऱ्याची: 'कोच एमेट किन्सेला यांचे दीर्घकाळ सहायक.' व्हर्जिल स्वतः एक मोसम मुख्य कोच होता, हे त्यात नव्हतं.

एमेट येण्याआधी आमच्या इंडियानातल्या या लहानशा कॅथलिक कॉलेजचं नाव शेजारच्या गावातही कुणी घेत नसे. त्याने बास्केटबॉलचा संघ उभा केला आणि शिकागोची उंच उंच मुलं इथे खेळायला येऊ लागली. एमेट मुलांवर ओरडायचा. मग जो रडकुंडीला आला असेल त्याला व्हर्जिल घरी न्यायचा आणि त्याची बायको लोरीन त्याला कोंबडी-नूडल्स खायला घालायची.

एकाहत्तर साली एमेट निवृत्त झाला. कॉलेजचे प्रमुख फादर ब्रेंडन यांनी विचारलं, "आता कोण?"

"व्हर्जिल. दुसरं आहे कोण?"

पण एमेट सामन्यांना येतच राहिला, संघाच्या बाकामागे तिसऱ्या रांगेत. व्हर्जिलने खेळाडू बदलला की सगळा हॉल आधी एमेटच्या तोंडाकडे बघायचा. त्याने नुसतं नाक खाजवलं तरी कुजबूज सुरू व्हायची.

लोरीन एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "मॉरीन, त्यांना एवढा हिवाळा घरी ठेव ना. मासे पकडायला पाठव."

"जानेवारीत?"

"बर्फाला भोक पाडून पकडू देत की."

मी एमेटला सांगितलं. "मीच उभं केलं आणि आता रेडिओवर ऐकू?" म्हणाला. तरी दोन सामने घरी बसला. दोन्ही आम्ही हरलो. लोक आता त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मग व्हर्जिलच दारात आला, हातात टोपी घेऊन.

"कोच, या तुम्ही. खुर्ची रिकामी दिसली की लोक म्हणतात, तुम्ही मला टाकलंत."

"आलो तर बायका चिडतात, नाही आलो तर तू. मी जायचं कुठे?"

"तिसऱ्या रांगेत," व्हर्जिल म्हणाला. हसलासुद्धा.

फेब्रुवारीतल्या एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू समोरच्यांकडे होता. व्हर्जिलने टाइमआउट घेतला, गुडघ्यावर बसून मुलांना मागे राहून बचाव करायला सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या. मैदानात परतताना कप्तानाने वर पाहिलं. माझ्या शेजारी बसलेल्या एमेटने मूठ खांद्यापर्यंत उचलली. पूर्वी त्याचा अर्थ असायचा, पुढे जाऊन चेंडू हिसकवा. मुलांनी हिसकवला. आम्ही जिंकलो.

लोक खुर्च्या ओलांडून एमेटचा हात हातात घ्यायला आले. व्हर्जिलने समोरच्या कोचशी हस्तांदोलन केलं आणि तो आत गेला.

गाडीत एमेट म्हणाला, "लोक माझं अभिनंदन का करत होते?"

"मूठ उचललीस तू."

"छे."

"उचललीस, एमेट."



मोसम संपताच व्हर्जिलने राजीनामा दिला. एमेट त्याच्याकडे गेला. मी सोबत होते. व्हर्जिलने कॉफी दिली.

"माझ्यावर रागावलास."

"नाही, कोच. तो सामना हरलो असतो तर बरं झालं असतं, एवढंच."

नवा कोच ओहायोहून आला. रुजू होण्याआधीच त्याने सांगितलं, किन्सेला माझ्या मागे बसायचे नाहीत. फादरनी लगेच मान्य केलं. एमेटही मुकाट्याने पलीकडच्या बाजूला, वरच्या रांगेत जाऊन बसला. संघ जिंकत राहिला, अजून जिंकतो. हॉलला आता एमेटचं नाव आहे. पायाच असा घातला की कुणीही आलं तरी संघ पडला नाही, असं लोक म्हणतात. ते खरंही आहे.

व्हर्जिलने पुढे हायस्कूलमध्ये बीजगणित शिकवलं. त्या हॉलमध्ये तो पुन्हा गेला नाही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं होती. लोरीनच्या शेजारी मी बसले.

"एमेटना परत तूच पाठवलंस ना?" तिने विचारलं. "मी एवढं सांगून गेल्यावर?"

"व्हर्जिल बोलवायला आला होता. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"नाही," लोरीन म्हणाली. तिने ताटातला बटाटा काट्याने दाबला. "इतकी वर्षं मी तुझ्यावर राग धरून होते."

"हो का," मी म्हटलं.

कुणीतरी तिला भेटायला आलं, म्हणून मी खुर्ची सरकवून जागा दिली.