गुलाबी बर्फाचं बद्रीनाथ

आमच्या हातमागाच्या खोलीत कापडापेक्षा किस्सेच जास्त निघतात. कापड तरी व्यापारी घेऊन जाते, किस्से कोण नेईल? साचून राहतात बापा!

सुरुवात बळीरामकाकाच्या आजापासून. तो यात्रेले गेला, अन् हिमालयाची रंगीत पोस्टकार्डं घेऊन आला. घरचे म्हणाले, "पोस्टात काहून नाही टाकली?"

"तुमाले वाचता येते का? म्हणून मीच डायरेक्ट घेऊन आलो!"

तीच कार्डं आता आमच्या मागांवर लावली आहेत. माझ्या मागावर केदारनाथ, काकाच्या मागावर बद्रीनाथ. मागांची नावंच ती पडली. "केदारनाथचा धागा तुटला रे!" असं आमच्याकडे कोणीही ओरडते. दुपारी मागांचे धोटे खटखट करत राहतात, छपराच्या कवेलूतून ऊन उतरते, अन् खरं सांगतो, मले त्या कार्डातल्या नदीचा गार वारा लागते.

एकदा एकोडी गावचे काकाचे व्याही आले. काकाच्या सुनेनं सांगितलं, "बाबा बद्रीनाथवर आहेत." व्याही चहा न घेताच परतले. आठवड्यानं हार-नारळ घेऊन हजर, यात्रेकरूच्या पाया पडाले! काकानं आशीर्वाद देऊनही टाकला. काकू मागून म्हणाली, "खरोखर जाऊन या, मंग मीबी पाया पडीन!"

काकूचा खरा राग त्या कार्डातल्या बर्फावर. जुनी छपाई, मंदिरामागचं शिखर चक्क गुलाबी! काकानं जन्मभर तोच रंग लुगड्याच्या काठात विणला.

"बर्फ कुठं गुलाबी असते जी?"

"आजानं पाहून आणलं आहे!"

मग काकाले काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाऊन राहिली. काका एवढंच बोलला, "एकदा ते शिखर पाहू द्या रे." माग बंद करून आम्ही सारे काका-काकूसंगं निघालो.

बद्रीनाथले मंदिराचं दर्शन झालं, पण शिखर धुक्यात. दुसऱ्या दिवशीही धुकंच. परतीची गाडी हॉर्न मारून राहिली होती. मले तर रडूच यायले लागलं.

काकानं विचारलं, "तुमाले तरी दिसून राहिलं का?"

"नाही, काका."

"मंग आपण सारे सारखेच!"

त्यानं खिशातून मागावरचं ते कार्ड काढलं, अन् धुक्यात जिथं शिखर असाले पाहिजे तिथं हात लांब करून धरलं.

काकू पुढं झाली. कार्डाकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला, अन् वाकून काकाच्या पाया पडली.

मागं यात्रेकरूंची रांगच लागली होती. त्यातली एक म्हातारी ओरडली, "बाबाजी, थोड़ा ऊपर पकड़ो, हमको भी दर्शन करने दो!"