कूळ विचारलंत, आता ऐका

“जात? आता कुठे राहिलीय जात? ही बघ ना, बसलीय की आमच्यासोबत.”

मेधाताई हे इंग्रजीत म्हणाल्या, कारण प्रश्न बोसेडेने विचारला होता आणि बोसेडेला मराठी येत नाही. म्हणताना त्यांनी बोट दाखवलं. माझ्याकडे. त्यांच्या वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या घरात, त्यांच्याच टेबलाशी, मी ताटलीत वरणभात घेऊन बसले होते. म्हणजे पुरावा म्हणून बसले होते.

मी हसले. हे आधीच सांगून टाकते. मी दात दाखवून हसले आणि म्हणाले, “ताई, वरण मस्त झालंय.”

मेधाताई इथे वीस वर्षं आहेत. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हॉलमध्ये दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग घेतात. माझी नऊ वर्षांची सुजाता त्या वर्गात जाते. बोसेडे माझ्या ऑफिसातली. आमचं ऑफिस पाण्याच्या पाइपलाइनी आखतं. ती जमिनीची मोजणी करते, मी नकाशे काढते. तिला घेऊन या, असं मेधाताईंनीच सांगितलं होतं. “तुझी कुणी आफ्रिकन मैत्रीण आहे म्हणे. आण की. आम्हालाही जरा एक्स्पोजर!” प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढल्यासारखं.

जेवताना त्यांचे यजमान अनिरुद्धराव आतून कुलवृत्तांत घेऊन आले. जाडजूड पुस्तक, वर प्लास्टिकचं कव्हर. मूळ पुरुषापासून चौदा पिढ्या. त्यांचं बोट सरसर खाली आलं आणि हिल्सबरोला राहणाऱ्या त्यांच्या मुलापाशी थांबलं. चौदा पिढ्यांचा घाम गाळून निसर्गाने काय तयार केलं, तर ऑकलंडमधला एक प्रोजेक्ट मॅनेजर.

बोसेडेने पुस्तक नीट पाहिलं. मग विचारलं, “यात मुली कुठे आहेत?”

“मुली लग्न होऊन जातात ना,” अनिरुद्धराव म्हणाले.

“तुमच्याकडे ट्राइब असते ना?” मेधाताईंनी विषय वळवला. “लिहिलेलं वगैरे काही नसणार.”

“मी योरुबा आहे. योरुबांमधली एकिती.”

“म्हणजे एकच की.”

“एक नाही,” बोसेडे म्हणाली. “इजेबु वेगळे, एग्बा वेगळे, इजेशा वेगळे. आम्ही एकिती, टेकड्यांवरचे.” आणि मग तिने अगदी सरळ विचारलं, “भारतात जाती असतात ना? या पुस्तकात सगळ्या जातींची माणसं आहेत का?”

त्याला उत्तर म्हणून माझ्याकडे बोट आलं.

तेवढ्यावर भागलं नाही. बोसेडे हात धुवायला गेली, तेव्हा मेधाताई मराठीत हळूच म्हणाल्या, “तुमच्यात असलं काही नसेल ना गं? म्हणजे, लिहून ठेवायला काही असावं लागतं. वाईट अर्थाने नाही हं म्हणत.”

बोसेडे दाराशी उभी होती. तिने ऐकलं. कळलं नाही, पण ऐकलं.

गाडीत तिने विचारलं, “ती शेवटी काय म्हणाली?”

“काही नाही. पुस्तकाबद्दल.”

“खोटं बोलू नकोस. भाषा नाही कळली, पण तो आवाज मला ओळखीचा आहे.”

मग तिने सांगितलं. नऊ वर्षांची असताना तिला शिकायला लेगॉसला मामाकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी बाईंनी वाचायला उभं केलं. तिची बोली एकिती, हेल एकिती. अख्खा वर्ग हसला. हसणारेही योरुबाच. ‘आरा ओके’ म्हणायचे तिला. डोंगरावरची गावंढळ. बाईंनी तिला पुन्हा वाचायला लावलं, कारण बाईंनाही मजा येत होती. दोन वर्षांत तिने जिभेवरचा डोंगर खरवडून काढला. सुट्टीत गावी गेली आणि आजीशी लेगॉसच्या थाटात बोलली. आजी तीन दिवस तिच्याशी बोलली नाही.

“आणि चौथ्या दिवशी?”

“पहाटे अंगणात उभं केलं. मला आदुके म्हणून हाक मारली. ते माझं लाडाचं, गौरवाचं नाव. आणि आमची ओरिकी म्हणायला लागली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.”

ओरिकी म्हणजे घराण्याची ओळख, तोंडपाठ, गाऊन म्हणायची. कोणती टेकडी आपली. गावाचा राजा कोण. आपल्या घरात नगारा कुणी वाजवला. गुलाम पकडणारे आले तेव्हा कोणत्या बाईने पोरांना खडकाच्या कपारीत लपवलं. आणि कोणता पणजोबा बायकोपोरांना टाकून पळाला.

“तेही सांगतात?”

“सांगतात. पळाला तोही आमचाच होता ना.” मग ती म्हणाली, “आणि मला फार चांगली समजू नकोस. आमच्या गावातही गुलामांची म्हणून काही घरं होती. त्यांच्यात कुणी मुलगी देत नसे. ते आजीने कधी गायलं नाही. ते मला मोठेपणी कळलं आणि लाज वाटली. आता तुझं सांग. तू कुणाची?”

मी म्हणाले, “पुण्याची.”

ती हसली नाही. म्हणाली, “गावाचं नाव नाही विचारलं.”

पुण्याची! मी पुण्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, तीही हॉस्टेलवर. मी जालन्याकडची. आमचं आडनाव वडिलांनी कोर्टातून बदलून घेतलं. गावाच्या नावाला ‘कर’ लावला की माणूस धुतल्यासारखा होतो. वडील सांगायचे, “कुणी विचारलं तर गाव सांगायचं. गावाच्या कुठल्या बाजूला राहायचो ते सांगायचं नाही.” मी ते इतकं पाठ केलं की पुढे गावही सांगेनाशी झाले. बारा हजार किलोमीटर लांब आले आणि इथे पहिल्या मराठी बाईने “मूळचे कुठले तुम्ही?” विचारल्यावर तोंडातून आलं, “पुण्याचे.” मेधाताईंनी तरी न सांगता ओळखलंच. घरात बुद्धाची मूर्ती आहे. पाहुणे आले की मी म्हणायचे, “डेकोर.” मला मेधाताईंचा राग तर आला होताच. पण किळस मला माझी आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला फोन लावला. तिकडे दुपार होत आलेली. विचारलं, “आई, आपली माणसं कोण होती? नावं सांग.”

“आता गं कशाला इचारतीस? समदं सोडून तर गेलीस तिकडं.”

“सांग.”

आधी तिने एकच नाव सांगितलं. मग तिला थांबवता येईना.

माझा पणजोबा येसकर होता. गावाच्या वेशीवर राखण करायचा. शिवेचा तंटा झाला की पाटील त्यालाच बोलवायचा, कारण दगड कुठला आणि ओढा पूर्वी कुठून वाहायचा ते त्यालाच ठाऊक. त्याने पाय ठेवला तिथे शीव ठरायची. आणि निवाडा झाल्यावर त्याला भाकरी लांबून टाकायचे. मेलेली ढोरं ओढायचा. त्यांचं मांस घरात यायचं, वाळवून ठेवायचे. पणजी ठकूबाई. बाबासाहेबांची माणसं गावात येऊन सांगून गेली, त्यानंतर तिने नवऱ्याला सांगितलं, “आता ढोर वढायचं न्हाई. वढलंस तर मी तुझं त्वांड बघायची न्हाई.” पाटलाचा बैल मेला. निरोप आला. हा गेला नाही. गावाने वाट बंद केली, दळण बंद केलं, दुकान बंद केलं. ठकूबाई नदीतून झरा उकरून पाणी आणायची. डोक्यावरून तीन कोस. पोटुशी होती.

“ते पोर?” मी विचारलं.

“ऱ्हायलं न्हाई,” आई म्हणाली. “पर बैल बी सडला. त्येंनाच वढावा लागला.”

मी हे ऑफिसात बोसेडेला सांगितलं. पणजोबाच्या शिवेपाशी ती थांबली. म्हणाली, “म्हणजे तो मोजणीदार होता. माझ्या धंद्यातला.” मग विचारलं, “सुजाताला हे माहितेय?”

नव्हतं.

पण वेळ आलीच. पुढच्या रविवारी वर्गातून सुजाता एक कागद घेऊन आली. वर छापलेलं ‘माझं कूळ’. खाली चौकटी. मूळ पुरुष. कुलदैवत. गोत्र. महिनाअखेरीला मुलांनी आईवडिलांसमोर उभं राहून म्हणून दाखवायचं होतं.

“Mum, what do I put in these?” ती म्हणाली. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते.

तेवढ्यात मेधाताईंचा व्हॉइस मेसेज आला. मी तो पाच वेळा ऐकला, म्हणून शब्दन् शब्द आठवतो. “अगं, सुजाताचं तू साधंच ठेव हं. नुसतं महाराष्ट्र लिही. बाकीची मुलं लहान आहेत, त्यांना उगाच कशाला ते.”

ते. आमच्या अख्ख्या वंशाला एक सर्वनाम.

नवरा म्हणाला, “लिही ना महाराष्ट्र. खोटं थोडंच आहे?” तोही माझ्यासारखाच धुतलेला.  मी कागद घेतला, चौकटींवर आडवी रेघ मारली आणि उलटा करून सुजातापुढे ठेवला. तिला सगळं सांगितलं. ढोराचं, मांसाचं, ठकूबाईचं, नदीचं. ती रडली नाही. तिने विचारलं, “So who told them they could do that?” मग इथल्या शाळेत मुलं जशी आपला डोंगर, आपली नदी आणि आपली माणसं सांगत पेपेहा, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या रीतीची ओळख, म्हणतात, तसं लिहायला बसली. फक्त मराठीत. चुकत, खोडत.

महिनाअखेरीच्या रविवारी हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या. एकेक मूल उठून गोत्र सांगत होतं. पोरांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, आईबापांना माहीत असण्याची गरज नव्हती. एकाने ऋषीचं नाव चुकवलं तर सगळे कौतुकाने हसले. आमच्या माणसांची नावं तर घेतलीच जाऊ नयेत, असंच त्यांना वाटत असणार.

सुजाता उभी राहिली. “माझी नदी दुधना. माझ्या पणजोबांचे बाबा येसकर होते. ते मेलेली...”

“छान!” मेधाताईंनी टाळी वाजवली. “फार छान बोललीस. टाळ्या! आता पुढे कोण?”

टाळ्या पडल्या. सुजाता कागद धरून तशीच उभी. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. “तिचं झालेलं नाही अजून.”

“अगं, वेळ कमी आहे...”

“मघाशी एकाला त्याच्या आजोबांच्या आजोबांचा वाडा सांगायला दहा मिनिटं दिलीत. ती बोलेल. आणि तिला जमलं नाही ते मी बोलेन.”

सुजाताने कागद संपवला. दोन ठिकाणी अडखळली, पण संपवला. मग मी बोलले. येसकर कोण ते सांगितलं. मेलेल्या ढोराचं मांस आमच्या घरात शिजलं हे सांगितलं, कारण दुसरं काही शिजू द्यायचं नाही असं तुमच्या घरांनी ठरवलं होतं. ठकूबाईचं जे पोर राहिलं नाही, ते सांगितलं. माझ्या वडिलांनी भिऊन आडनाव बदललं, हेही. आणि मी बारा वर्षं या गावात पुण्याची म्हणून मिरवले, हे सर्वांत शेवटी सांगितलं. पळालेलीही आमचीच.

अनिरुद्धराव उठून उभे राहिले. “हे मुलांसमोर बोलायची काय गरज होती?”

“गोत्र मुलांसमोर बोलता ना? मग हेही मुलांसमोरच. तुमच्या पुस्तकात चौदा पिढ्या आहेत. त्या चौदा पिढ्यांचं मेलेलं ढोर कुणी ओढलं, ते लिहिलंय का त्यात?”

ते पुन्हा खुर्चीत बसले. मेधाताई चहाच्या टेबलाकडे गेल्या आणि बिस्किटं लावायला लागल्या. आधीच लावलेली बिस्किटं. चौदा पिढ्यांची विद्या, आणि अडचण आली की बिस्किटं.

दोन कुटुंबं चहा न घेता निघून गेली. पार्किंगमध्ये एक गृहस्थ जवळ आले. अप्पर हटला राहणारे, आयटीतले. आम्ही सहा वर्षं एकमेकांना ओळखत होतो आणि त्यांनीही मला कधी काही सांगितलं नव्हतं. इकडेतिकडे बघत, ओठ न हलवता म्हणाले, “जय भीम, ताई.”

“मोठ्याने म्हणा,” मी म्हणाले.

त्यांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. गाडीत बसले आणि गेले. मला त्यांची दया आली नाही. महिन्याभरापूर्वी मी त्याच गाडीत होते.

सोमवारी मेधाताईंचा मेसेज आला. या वेळी लेखी, कारण आता त्या सावध झाल्या होत्या. ‘तुझ्या भावनांचा आदर आहे. पण तू वर्गाचं वातावरण गढूळ केलंस. काही पालक अस्वस्थ आहेत. सुजाताला थोडे दिवस ब्रेक द्यावा असं सर्वांचं मत पडलं.’

सर्वांचं मत. पंचायत भरली होती म्हणायची. वेलिंग्टनमध्ये, व्हॉट्सॅपवर. वाट बंद करायला यांना अजून गावही लागत नाही.

नवरा म्हणाला, “सोड. आपण घरीच शिकवू तिला.”

नाही. घरी बसून शिकायचं ते त्यांच्या सोयीचं. मी उत्तर लिहिलं, मराठीत, सगळ्या पालकांच्या ग्रुपवर, माझ्या आजोबांच्या जुन्या आडनावानिशी. ‘सुजाता वर्ग सोडणार नाही. कुणाला तिच्या पूर्वजांचा त्रास होत असेल तर त्यांनी नाव घेऊन, इथे, सगळ्यांसमोर लिहावं. तिला दारात अडवलं तर मी कौन्सिलकडे लेखी तक्रार करीन आणि त्यात का अडवलं ते इंग्रजीत नीट समजावून सांगेन.’

कुणीही काही लिहिलं नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या उमटल्या.

हॉल कौन्सिलचा आहे आणि भाषा माझ्या आईची आहे. येत्या रविवारी दहा वाजता आम्ही दोघी तिथे असू. त्याच्या पुढच्या रविवारीही. ज्यांना सोसणार नाही, त्यांनी ब्रेक घ्यावा.