इसिडोरची चुकलेली खूण

सहा वर्षांनी इसिडोर बेटावर निघाला, तोही मेलेल्यांच्या सणाला, दोन नोव्हेंबरला. होडीत तो आणि होडीवाला, तिसरं कोणी नाही. एके काळी या दिवशी होडीत पाय ठेवायला जागा मिळायची नाही. आता माणसं पांगली होती. कोणी वर्सोव्याला, कोणी मालाडला, कोणी आखातात. बेटावर उरली होती ती थडगी आणि इसिडोरच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको, बर्था. तीही नाताळनंतर बहिणीकडे बोरिवलीला जाणार होती. म्हणून इसिडोरला आजच जायचं होतं. जोगेश्वरीत एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन असलेला हा माणूस तसा भित्रा नव्हता, पण एका बाबतीत त्याने सहा वर्षं शेपूट घातली होती.

बेटाभोवती सगळे खडक. समुद्रातून आत यायची वाट एकच, अरुंद. बेटावरच्या चर्चचा क्रूस आणि त्याच्या मागे, पलीकडच्या किनाऱ्यावरचे तीन ताड एका रेषेत आले की होडी सरळ आत घ्यायची. खूण धरायची थोरल्याने, पुढे उभं राहून. धाकट्याने मागे सुकाणू सांभाळायचं आणि मान वर करून बघायचं नाही. दोघांनी बघितलं की वाद होतो, आणि तिथे वादाला वेळ नसतो.

मग कोणा बिल्डरने ताड तोडले. इसिडोरने हुशारी केली. त्याच जागी इमारत उठत होती, तिचा माल चढवायचा लोखंडी मनोरा क्रूसामागे नेमका यायचा. त्याने तीच खूण धरली. वर्षभर झकास चाललं. एका धुकट सकाळी त्याने भावाला हाक दिली, सरळ घे. बेनेडिक्टने घेतली. इमारत पुरी होऊन मनोरा शेजारच्या प्लॉटवर गेला होता, हे कळलं तेव्हा होडी खडकावर फुटलेली होती. इसिडोर वाचला. बेनेडिक्ट तिसऱ्या दिवशी सापडला.

लोक म्हणाले, सुकाणूवर प्यायलेला असणार. लग्नाकार्यात घेणारा माणूस, सगळ्यांना पटलं. इसिडोर गप्प बसला. थोरल्याची खूण चुकली असं त्या गावात कधी कोणाबद्दल बोललं गेलं नव्हतं, आणि सुरुवात आपल्यापासून व्हावी हे त्याला सोसेना. लाज वाटावी अशीच गोष्ट होती, आणि ती त्याला रोज वाटत होती.

बर्था थडग्यांवरचं गवत उपटत होती. सासूसासऱ्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या होत्या, नवऱ्याच्या थडग्यावर एकही नव्हती. आधी जेवून घ्या म्हणाली. इसिडोरने उभ्याउभ्याच मनोऱ्याचं सगळं सांगून टाकलं.

"तो प्यायला नव्हता, बर्था. खूण माझी चुकली."

ती शिव्या देईल म्हणून तो थांबला. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने विचारलं ते एवढंच, की बेनेडिक्टने मान वर करून बघितलं होतं का. नाही, इसिडोर म्हणाला, एकदाही नाही.

"गावानं मला बेवड्याची बायको म्हटलं, भाऊ. मी पन त्याला बेवडाच म्हटलं. आता हे सांगू कोनाला? गाव हाय कुठं?"

इसिडोरने बरोबर आणलेली मेणबत्ती पुढे केली. बर्थाने ती घेतली नाही. स्वतःची आणायला ती घराकडे निघाली, आणि तुम्ही होडी गाठा म्हणाली.