साहेब येतील त्या दिवसाची पुस्तकं

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी ती कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, "पोरं फाडतील. मग जाब कोण देणार?" त्या माणसाचा मला अजून राग येतो.

तपासणीला साहेब येणार असले, की पुस्तकं बाहेर निघायची. आम्ही ती मुलांच्या हातात द्यायचो, फोटो काढायचो आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की हिसकावून घ्यायचो. कुणाची गोष्ट अर्धी राहिली, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

एकदा तपासणीनंतर दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की तिला घेऊन ऊसतोडीला जायचे.

"बाई, साहेब परत कवा येनार?"

"तुला कशाला हवेत साहेब?"

"हत्ती हिरीत पडला हुता. त्याचं पुढं काय झालं, ते बघायचं ऱ्हायलंय. दसऱ्यानंतर आमी न्हाई."

मुख्याध्यापकांना विचारून सांगते, असं मी म्हणाले. विचारलं नाही. कपाटाची किल्ली तेव्हा माझ्याच पर्समध्ये होती.