आईची ओटी

पुण्याहून निघताना जुडग्यात गावच्या घराची किल्ली आहे ना, ते दोनदा पाहिलं. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, दार उघडंच होतं. या खेपेला एकटाच होतो. तिच्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू घेऊन यावी, एवढंच मनात होतं.

वर्ध्याहून एसटीनं समुद्रपूर, तिथून गिरडकडची दुसरी बस. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बाया मात्र ओळखीच्या वाटेनात. कुठल्या, म्हणून विचारलं.

"मध्य प्रदेशातून येतेत त्या," शेजारचे आजोबा म्हणाले. "आपले सारे पुण्याले, हैदराबादले. तुमी कुठं असता?"

"पुण्याला."

"मंग काय इचारता!" ते हसले.

आमच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलूप होतं, पण भिंती नव्यानं रंगवलेल्या. बाहेरचा पगार घरात राहत नाही, भिंतींवर दिसतो. आमच्या कुलपात माझी किल्ली फिरेना. मी जोर लावला.

"काऊन रे संजू, सोताच्याच घरी चोरी करून राह्यला का?"

शेजारच्या शोभामावशी. आईची वेचणीतली जोडीदारीण. शेतात दोघींच्या ओळी कायम शेजारी असत.

"ते कुलूप तुह्या मायनं कवाच बदललं. चाबी माह्याजवळ राहे."

हे मला आई कधी बोलली नव्हती.

मावशींनी आपल्या घरी जेवायला बसवलं. भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी. पहिल्याच घासाला आईचा हात आठवला.

"तुही माय हे माह्यापासूनच शिकली होती," मावशी म्हणाल्या. भाजीसुद्धा यांचीच निघाली.

तेवढ्यात खुंटीवर आईची ओटी (वेचलेला कापूस ठेवायची, कमरेला बांधायची झोळी) दिसली. माझ्या शाळेच्या शर्टाची शिवलेली, खिसा तसाच ठेवलेला.

"मावशी, ही मी नेतो."

"ते नाई देत, बापू. भांडे ने, लुगडे ने. सारं घर तुहंच हाये."

"पण तुम्ही तर वेचणी सोडलीत."

"सोडली. पुढच्या महिन्यात मीबी चालली पुण्याले. विनोद नेऊन राह्यला. इतके दिवस नाईच म्हने मी. आता तुही माय नाई, कोनासाठी राहू?"

विनोद त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. आता तिकडे कंपनीत आहे. मीही आईला दर दिवाळीला चल म्हणायचो. ती म्हणायची, शोभा एकटी पडेल.

मी ओटीकडे बोट केलं.

"विनोदच्या चौथ्या मजल्यावर कापूस कुठला, मावशी?"

"कापसासाठी कोन नेते?" त्यांनी ओटी काढली, खिसा वर येईल अशी घडी घातली आणि आपल्या लुगड्यांत ठेवली.

निघताना नव्या कुलपाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "आता कोनापाशी ठेवू? तूच ने."

परतीच्या गाडीत दोन्ही किल्ल्या खिशात वाजत होत्या. विनोदचं घर माझ्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. पुढच्या महिन्यात ती ओटी तिथे पोचेल. म्हणजे आई शेवटी पुण्याला येणार, पण विनोदकडे.