पंधराव्या गुंडाळीनंतर

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. खरं तर कुणालाच नाही — आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तर पहिला विचार हाच आला की तुम्ही हे आणखी कुणाला सांगाल का? स्वभावच तसा. भाजीवाल्याने पिशवीला गाठ मारून दिली की घरी पोचेपर्यंत मी तळाशी काय घातलं असेल याचाच विचार करते. नवरा म्हणतो, तू प्रसादाच्या पाकिटावरचीही तारीख बघशील. मी हसते. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही.

नागपूरबाहेर एका बियाण्यांच्या कंपनीत मी संख्याशास्त्राचं काम बघते. आमच्या प्रयोगशाळेत सुनंदा कंत्राटावर होती. उमरेडहून रोज एसटीने यायची. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायचे, पाचव्या दिवशी गुंडाळी उलगडून किती दाण्यांना मोड आले ते मोजायचे, वहीत आकडा लिहायचा, गुंडाळी परत ठेवायची — हे तिचं काम. हेच काम करणाऱ्या बाकीच्या दोघींना मोजता मोजता दुपार व्हायची. सुनंदाचं अकराला आटोपलेलं असायचं.

इतक्या लवकर? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ही मोजतच नसणार. नजर टाकते आणि मनाने आकडा ठोकून देते.

विचारायचं तिला सरळ. पण मी पडले शास्त्राची माणूस! मी ठरवलं, रोज तिचं मोजून झालं की लगेच त्यातली एक गुंडाळी गुपचूप पुन्हा मोजायची. यासाठी आमच्याकडे एक पद्धत आहे. किती वेळा तपासायचं हे आधी ठरवत नाहीत. आलेखाच्या कागदावर दोन रेषा आखायच्या. तिचा आणि माझा आकडा जुळला तर ठिपका खाली सरकतो, नाही जुळला तर वर. वरची रेषा ओलांडली — दोषी. खालची ओलांडली — निर्दोष. मध्येच असेल तर आणखी एक गुंडाळी. अट एकच. ठिपका कुठलीही रेषा ओलांडून गेला की पेन्सिल खाली ठेवायची. रेषा आधी आखतात त्या एवढ्यासाठीच, की आपल्याला काय हवंय ते मध्ये येऊ नये.

सुनंदाचा ठिपका पंधराव्या गुंडाळीला खालची रेषा ओलांडून गेला. एक आकडा तेवढा चुकलेला, तोही एका दाण्याने.

मी काय केलं असेल? सोळावी गुंडाळी काढली.

मला वाटलं, हिला सुगावा लागलाय. म्हणून आता नीट मोजतेय. बघा ना, तिचे आकडे चुकले असते तर ती दोषी. जुळले, तर ती हुशारीने दोष लपवणारी. मग बिचारीने सुटायचं तरी कसं? हे तेव्हा मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी ते बाजूला सारलं.

सतरावी, अठरावी. जुळतच होत्या. त्याच सुमारास मी कपाटापाशी असताना ती अचानक मागे येऊन उभी राहिली. मी गडबडले, काहीतरी थाप मारली. दुसऱ्या दिवसापासून ती पाचची गाडी पकडायला गेल्यावर मोजायला लागले. आणि काय आश्चर्य, आकडे जुळेनात! कधी दोनाने फरक, कधी चाराने. मी नवा कागद घेतला. नव्याने सुरुवात. नवव्या ठिपक्याला वरची रेषा पार.

फरक नेहमी एकाच बाजूला होता. माझाच आकडा जास्त. मनाने आकडे ठोकणाऱ्या माणसाचे आकडे कधी वर जातात, कधी खाली. हे सगळे एका दिशेने — का? कारण ती सकाळी मोजायची आणि मी संध्याकाळी. मधल्या सात-आठ तासांत उबेत ठेवलेले आणखी दोन-चार दाणे मोड काढणारच. शाळेतल्या पोरालाही कळेल. मला तिसऱ्या संध्याकाळी कळलं होतं. तरी मी पुढचे सहा ठिपके काढले.

पहिला कागद घरी नेऊन रद्दीत घातला. दुसरा साहेबांपुढे ठेवला. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझ्यावर विश्वास होता. महिनाअखेर सुनंदाचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही; आकडे मनाने लिहितेस, असं साहेबांनी तिला कारण सांगितलं.

बाकीच्या दोघींचा कागद मी कधी आखला? नाही आखला. त्यांच्यातली एक गप्पा मारत मोजायची, तरी नाही. मग सुनंदाचाच का? ती भरभर काम करायची म्हणून — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तिचं आडनाव आमच्या आडनावांतलं नव्हतं. तिच्या डब्याच्या पिशवीवर धम्मचक्र होतं. घरात लहानपणापासून 'त्या लोकांबद्दल' जे ऐकत आले, ते माझ्या हातातल्या पेन्सिलीत नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मला लाज वाटते. लाज वाटते म्हणून ते खोटं होत नाही.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. रडली नाही, भांडली नाही.

"मॅडम, मोजल्याबिगर मी एक आकडा लिवला नाही जी. कोनत्या गुंडाळीत चुकलं, तेवढं तरी सांगा."

खरं उत्तर होतं, कुठल्याच नाही. समोर साहेब बसले होते. मी वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही बघ, सत्तावीस नंबरची."

ती वाकली. आपल्याच अक्षरातला आकडा तिने बराच वेळ पाहिला, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं. मग मान हलवली.

"मंग माहंच चुकलं असन जी," ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडून गेली.