एरंडेल लावलेली डाळ

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही. सांगायची वेळ बऱ्याचदा आली, आणि प्रत्येक वेळी मी विषय बदलला, पाणी मागितलं, नाहीतर चपला घालून बाहेर पडलो. आमच्या नात्यात मी काटकसरीचा उस्ताद समजला जातो. पुतण्यांच्या घरी भांडण झालं की त्यांच्या बायका अजून म्हणतात, "मोठ्या काकाजींकडून शिका जरा." ते कौतुक अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं लिहायला आज बसलो आहे. पण खरं अर्धं आधी सांगतो, कारण ते आठवलं की या वयातही माझे हात शिवशिवतात.

अमरावतीच्या कचेरीतून निवृत्त होईपर्यंत मी भाजी म्हणून कधी घेतली नव्हती. घरचा बाजार बायको करायची. टाळेबंदीनंतर मुलाच्या शिकवणी वर्गातली निम्मी पोरं परत आलीच नाहीत आणि त्याचा पगार अर्ध्यावर आला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, धाकटी मुलगी शिकत होती. पाच माणसांचं खाणंपिणं माझ्या पेन्शनीवर येऊन पडलं. त्यातच बायकोचा गुडघा कामातून गेला. तिनं एक दिवस पिशव्या माझ्या मांडीवर टाकल्या आणि म्हणाली, "आता बाजार तुमी करा. माह्यानं चालनं होत नाही."

पहिल्या संध्याकाळी मी इतवाऱ्यात पोहोचलो तेव्हा बाजार उठत होता. तीच माझी शाळा! ताडपत्र्या गुंडाळल्या जात होत्या, हातगाड्या वळत होत्या, आणि एका भाजीवाल्यापुढे वांग्यांचा मोठा ढीग तसाच पडून होता.

"चाचा, पूरा उठा लो. मेरेको घर जाना है."

"मऊ पडली रे ही," मी म्हणालो.

"मऊ नहीं चाचा, थकेली है. दिनभर बैठ के आप भी ऐसेच होते."

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो, आणि तो ढीग जवळपास फुकटात उचलला. वर त्यानं सांबाराची, म्हणजे आपल्या कोथिंबिरीची, एक जुडी पिशवीत कोंबली. ऑटोत बसलो तेव्हा छातीत धडधडत होतं. चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं, पण चोरी तर नव्हती!

दारातच बायको म्हणाली, "अवं, लग्न हाय काय कोनाचं? एवढे वांगे!"

पण ती वऱ्हाडातली. अर्ध्या वांग्यांची रात्रीची भाजी आणि सकाळचं भरीत झालं, उरलेल्यांच्या फोडी गच्चीवर उन्हात पसरल्या. वाळलेल्या फोडींना आम्ही खुला म्हणतो. उन्हाळ्यात भाज्या महागल्या तेव्हा त्या खुला भिजवून तिनं तिखट रस्सा केला. मुलगा बोटं चाटत म्हणाला, "बाबा, हे तर बँकेत ठेवल्यासारखं झालं."

झालं, मला नाद लागला. दिवस कलला की मी पिशवी घेऊन तयार. फुलकोबीचे देठ, मुळ्याचा पाला, गाडीवरून गळून पडलेला पालक, काहीच सोडायचो नाही. चांदूर बाजारचा आठवडी बाजार गाठायचो. मोर्शीकडे ओळखीच्या बागेत झाडाखाली पडलेली संत्री पोत्यानं आणायचो. लहान, डागाळलेली, पण रस असा की मुलगी पेल्यावर पेले प्यायची. बायको सालीसुद्धा वाळवायची. घरात रोज एखादा नवा पदार्थ. जेवणं लांबायला लागली, हसणं वाढलं. पैशाची ओढाताण होती त्या दिवसांत आम्ही जितके मजेत जेवलो तितके कधीच जेवलो नसू. हे मी फुगवून सांगत नाही.

मग डाळीवर नजर गेली. वऱ्हाडी घरात वरण रोज लागतं, आणि तूर डाळ सगळ्यात महाग. आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, अकोल्याचे. अकोला म्हणजे दालमिलचं गाव. एस.टी.त मला अर्धं तिकीट. व्याह्यांना भेटायला जायचं, चहा घ्यायचा आणि येताना डाळ आणायची, असा बेत ठरवला. मिलच्या रस्त्यावर एका दुकानात कोपऱ्यात एक कट्टा, म्हणजे पोतं, तोंड उघडून पडला होता. डाळीचा रंग उतरलेला, थोडी काळसर. भाव ऐकला, निम्म्याहूनही कमी, आणि कान गरम झाले.

दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, "काका, बहुत पुराना माल है. ज्यादा भिगोना, अलग पकाना. नये में मिलाया तो आधी गलेगी, आधी चने जैसी रहेगी."

ऐकलं मी. पण मनात भावच घुमत होता. कट्टा घेतला, आणि वर थोडी नवी डाळही घेतली.

घरी बायको चार दिवस नव्हती, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होती. मुलगी तिच्याजवळ. मी गच्चीवर चादर पसरली, जुनी नि नवी डाळ एकत्र केली आणि तळहातावर एरंडेल घेऊन चोळली. डाळ टिकावी म्हणून एरंडेल तर सगळेच लावतात, त्यात वावगं काही नाही. पण एरंडेलानं जुन्या डाळीलाही असा तजेला आला की मलाच फरक ओळखता येईना. उन्हात सगळी चादर सोन्यासारखी चमकत होती. मी एकटाच गच्चीवर उभा राहून हसत होतो. ती डाळ मी खाली आणून स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या मोठ्या डब्यात भरली आणि मुला-सुनेपुढे जाहीर केलं, "डायरेक्ट मिलमधली! एक नंबर."

त्याच आठवड्यात बायको दवाखान्यातून आली, पण पलंगावरच होती; स्वयंपाकघर सुनेच्या हाती आलं.

ती कामाची पोरगी. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. तेव्हापासून वडिलांचं घर तिनंच सांभाळलं, तीन माणसांचं रांधलं. आमच्याकडे आली तेव्हा तिला एवढाच एक अभिमान होता, की मला सगळा स्वयंपाक येतो. पहिल्या दिवशी तिनं वरण वाढलं. अर्धी डाळ विरघळलेली आणि मधेच टणक दाणे. मुलानं दाणे ताटाच्या कडेला सारले. बायको पलंगावरून म्हणाली, "कुकर नवा हाय तुले, शिट्ट्या वाढव."

तिनं शिट्ट्या वाढवल्या. डाळ भिजवून पाहिली, मीठ नंतर घालून पाहिलं, हळद आधी घालून पाहिली. गोटे तसेच. मग एका सकाळी मी पेपर वाचत होतो तेव्हा ती मूठभर डाळ घेऊन माझ्यासमोर आली.

"बाबा, दाळ जुनी तर नसन ना?"

एवढंच विचारलं तिनं. तेव्हाच "हो" म्हणालो असतो तर मोकळा झालो असतो. पण घरात माझं कौतुक चाललं होतं, मी उस्ताद होतो. मी पेपर खाली ठेवला आणि दुखावल्याच्या आवाजात म्हणालो, "मी सोता निवडून आनली. तुह्याच गावची हाय."

"तसं नाही बाबा, मी आपलं विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिनं डाळीबद्दल कधी शब्द काढला नाही. डबा तोच, कुकर तोच, फक्त हात बदलला होता. आपल्याकडे अशा वेळी सगळे काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. हाताला चव नाही.

थंडीत आमच्या कुळाचा रोडग्यांचा कार्यक्रम असतो. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत सगळे जमतात. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायचे, वरणात कुस्करायचे, वर तूप. रोडगे पुरुष भाजतात, वरण बायका करतात. त्या वर्षी डाळ आमच्याकडून होती. मी ती डब्यातूनच दिली. बाजारातून चांगली आणता आली असती, पण तेव्हा मला वाचवण्याची नशा चढली होती. वरणाचं पातेलं नव्या सुनेकडे देण्यात आलं. चुलीवर, कुकरशिवाय. ती सकाळपासून धुरात उभी होती.

पंगत बसली. माझी थोरली बहीण पहिल्याच घासाला थांबली. तिच्या जिभेला हाड नाही.

"काय व पोरी, दालमिलच्या गावची तू, अन् वरनात गोटे सोडले?"

एक पुतण्या ओरडला, "वहिनी, हे वरन हाय का उसळ?"

"राहू द्या जी," दुसरा म्हणाला, "दात शाबूत हायत तोवर खाऊन घ्या!"

पंगतभर हशा पिकला. बहीण पुढे म्हणाली, "आई नसली का असंच होते बाप्पा. शिकवन कोन?"

सून वाढत होती. पळी भरून ती पुढच्या पानाकडे वळली. मी काय केलं? मी हसलो. सगळे हसत होते म्हणून नव्हे. माझ्याकडे कोणी पाहू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती बायकोला म्हणाली, "आई, वरन तुमीच करत जा. बाकीचं सगळं मी करते." बायको काठी टेकत ओट्याशी उभी राहायला तयार झाली. आणि मी घाबरलो! तिची बोटं डाळीत गेली असती तर एका चिमटीत सगळं उघडं पडलं असतं. ती पूजा आटोपेपर्यंत मी डबा रिकामा केला, रस्त्यापलीकडच्या दुकानातून सगळ्यात चांगली डाळ आणली आणि भरून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा भाव केला नाही. जुनी डाळ शेजारच्या गाईला घातली. गाईनं काही तक्रार केली नाही.

दुपारी बायकोचं वरण ताटात आलं, लोण्यासारखं. मुलगा म्हणाला, "पाहा, हात तो हात!" मला वाटलं सून रुसेल, रडेल. तिनं भातावर वरण घेतलं, खाल्लं आणि अगदी मनापासून म्हणाली, "खरंच. आईच्या हातातच हाय ते." लोकांचं बोलणं एकवेळ विसरलं जातं. पण त्या दुपारी माझ्या घाबरटपणामुळे तिची स्वतःचीच खात्री पटली, की आपल्या हाताला चव नाही.

पुढे मुलाला अकोल्यात नोकरी लागली, ती दोघं तिकडे राहायला गेली. त्यांचंही आता काटकसरीचंच घर. सून खुला करते, बाजार उठताना भाजी आणते, तिचं भरीत माझ्या बायकोपेक्षा सरस आहे. वरण मात्र ती करत नाही. पाहुणे आले तर कढी करते.

मागच्या महिन्यात मुलाचा फोन आला. त्यांच्या घराजवळ शिकायला आलेल्या मुली राहतात. त्यांनी सुनेला डबे देशील का म्हणून विचारलं होतं. महिन्याकाठी चांगली मदत झाली असती, तिची इच्छाही होती. पण तिनं नाही म्हटलं. "डब्यात रोज वरन लागते, अन् ते माह्यानं होत नाही."

मी सकाळच्या पहिल्या बसनं निघालो. किती वर्षांनी तशी धडधड झाली! आज सांगायचंच. काय बोलायचं ते मूर्तिजापूरपर्यंत जुळवलं, पुढे अकोल्यापर्यंत पाठ केलं. शेजारचा प्रवासी विचारू लागला, "काका, मंत्र म्हनून राहिले काय?"

सून दारातच हसली. "बाबा, फोन नाही, काही नाही! या." ज्वारीची भाकरी, भरीत, ठेचा, कढी. जेवण असं की मी दोनदा मागून घेतलं. मग म्हणालो, "पोरी, ते डब्याचं..."

"आता तुमी पन सुरू झाले काय?" ती हसत म्हणाली. "सगळं जमते जी मले. पन वरनाबिगर डबा कोन घेईन? पोरी दोन दिवसांत पळून जातीन. तुमाले तर माहीतच हाय."

"तुमाले तर माहीतच हाय." ती सहज बोलली होती. मी पाण्याचा पेला उचलला. "हो," म्हणालो.

दुपारी तिनं मला स्कूटीवरून बस स्टँडवर सोडलं. पिशवीत ठेच्याची बरणी दिली, खिडकीची जागा धरून दिली. बस सुरू झाली तरी ती खिडकीखाली उभी होती.

"बाबा, काही सांगाचं होतं काय? कवापासून पाहून राहिली मी."

"गाडी हळू चालवत जा," मी म्हणालो.

अमरावतीपर्यंत ते पाठ केलेलं माझ्या तोंडात तसंच होतं. तोंडानं सांगायचं धैर्य माझ्याकडे नाही, म्हणून इथं उतरवतो. पोरी, दाळ जुनी होती. मीच मिसळली होती. तू विचारलं तवा मी खोटं बोललो, अन् त्या पंगतीत तुह्यावर हसलो. तुह्या हातात काहीच कमी नव्हतं. मले माफ कर.